ई-पुस्तकाचे अर्धे पैसे परत

हे आत्ताच सांगायला पाहिजे. दिवाळी अंकवाल्या ताई म्हणल्या होत्या, कामाच्या अनुभवावर निवांत लिही, घाई नाही. पण निवांत कुठून आणू? आत्ता दुकानात गिऱ्हाईक नाही, अण्णा जेवायला घरी गेलेत, म्हणून काउंटरवर बसून मोबाइलवरच टाइप करून राहिले. शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या. उद्यावर टाकलं तर माझा राग जाईल, आणि राग गेला की मी सगळं गोड करून सांगते. तशी सवयच आहे मला, काउंटरवर बसून बसून लागलेली.

तर मी लातूरला पुस्तकाच्या दुकानात काम करते. नाव स्वाती, मूळची नांदेडची. डॉक्टर व्हायला लातूरला आले, दोनदा नीटची परीक्षा दिली, नंबर लागला नाही, आणि ज्या दुकानातून पुस्तकं घ्यायचे तिथंच कामाला लागले. सहा वर्षं झाली. आई अजून नातेवाइकांना सांगते, स्वाती लातूरला क्लासच्या लाइनमध्ये असते. खोटं काही नाही त्यात. दुकान क्लासच्या लाइनमध्येच आहे.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते दुसऱ्यांची पुस्तकं तर विकतातच, पण इथल्या सरांकडून लिहून घेतलेले प्रश्नसंच स्वतः छापतात पण. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, असा पूर्ण संच. त्यातलं बायोलॉजी लई चालतं. ते बिलोलीच्या एका सरांनी लिहिलंय. पोरं पुस्तकाचं नाव सांगत नाहीत, नुसतं म्हणतात, "बिलोली द्या."

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी समजावून सांगावी लागते. ती म्हणजे परत. आमच्याकडं पोरं पुस्तक विकत घेतात असं दिसतं, पण खरं बघितलं तर वर्षभर वापरायला नेतात. चारशेचं पुस्तक जूनमध्ये न्यायचं, परीक्षा झाली की आणून द्यायचं, आम्ही दोनशे हातावर ठेवतो. तेच आम्ही पुढच्या पोराला जुनं म्हणून अडीचशे-तीनशेला देतो. मग ते पण अर्ध्या भावात परत आणून देतं. असं चालतं, शिलाई सुटेपर्यंत. याची पावती नसते, काही नसतं. चांगल्या दुकानात परत घेणारच, हे पोरांना होस्टेलच्या पहिल्या दिवशीच कळतं, मेस कुठली चांगली हे कळायच्या आधी.

परत घ्यायचे पण नियम असतात. पेन्सिल चालते. पेन चालत नाही. पिवळा हायलायटर थोडा चालतो, गुलाबी बिलकुल नाही, का ते अण्णांनाच माहीत. पान दुमडलेलं असलं की भाव कमी. मी सहा वर्षं हेच करते, पुस्तकाचं पान न् पान अंगठ्यानं फर्र करून बघते. आता माझ्या हातात लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी कोपरे बघते.

जुनं घेणाऱ्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. एकजण निलंग्याहून आले होते, लेकासाठी जुना संच पाहिजे होता. पुस्तक उलटंपालटं करून मला विचारतात, "ताई, हे ज्याचं होतं त्याला किती मार्क पडले?"

मी म्हणलं, "काका, ते कसं सांगू?"

"मग मी कसं घेऊ?"

अण्णा आतून ओरडले, "पाहुणे, पहिला आलेला पुस्तक घरी सांभाळून ठेवतो, आणि लई कमी पडलेला तेच परत वाचतो. आमच्याकडं येतं ते मधल्यांचं. मधलं चालतंय का बोला."

त्यांनी घेतलं. म्हणले, मधलं तर मधलं.

असं सगळं ठीक चाललं होतं आणि मग मला दम निघाला नाही. मीच अण्णांच्या मागं लागले की आपले संच मोबाइलवर पण देऊ, ई-पुस्तक. पोरांकडं ठेवायला जागा नसते, सहाजण एका खोलीत राहतात. नांदेडच्या माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरनं ॲप करून दिलं. दुकानात पैसे भरायचे, आम्ही कोड देणार, तो टाकला की पुस्तक उघडणार. एक कोड, एक मोबाइल.

आता भाव काय ठेवायचा? अण्णांनी पाच मिनिटांत ठरवलं. म्हणले, "कागद न्हाई, बांधणी न्हाई, हमाली न्हाई. पाव भाग तेवढा सोडू. शिकवलेलं तर तेवढंच हाय ना त्याच्यात?" म्हणजे छापील चारशेला असेल तर ई-पुस्तक तीनशेला. मला पण बरोबर वाटलं. सरांना पण वाटलं. कुणालाच त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

पहिल्या हंगामात मजा आली. एका मावशींनी पोरासाठी ई-पुस्तक घेतलं, पैसे दिले, कोड पोराच्या मोबाइलमध्ये टाकून दिला, आणि मावशी उभ्याच. मी म्हणलं, "झालं मावशी." त्या म्हणल्या, "हाव, पण पिशवी?" मी काय करणार, दुकानाची कापडी पिशवी दिली. रिकामी पिशवी काखेत मारून समाधानानं गेल्या. त्या हंगामात मी दिवसभर बोलत असायचे, घसा बसायचा, तरी वाटायचं की आपण काहीतरी नवीन करून राहिलो.

मग निकाल लागले आणि परतीचे दिवस आले. त्या दिवसांत दुकानासमोर ही रांग असते, पोरींच्या हातात गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. मी खाली मान घालून पानं फर्र करत होते. एक गठ्ठा सरकवला, दुसरा आला, आणि मग काउंटरवर गठ्ठ्याऐवजी ओढणीत गुंडाळलेला एक टॅब आला.

वर बघितलं तर अंकिता. माहूरची पोरगी. तिनं गेल्या जूनमध्ये वडिलांसोबत येऊन आमचा पूर्ण संच घेतला होता, ई-पुस्तकातला. वडिलांनी विचारलं होतं, यातलं स्वस्त कोणतं, आणि भावाच्या पाटीवर ते स्वस्त दिसत होतं.

"दीदी, परत द्यायचंय."

"काय?"

"पुस्तकं."

"कुठायत?"

तिनं टॅब चालू केला. "ह्याच्यात."

मागची पोरगी म्हणाली, "अगं माय, हिनं टॅबच विकायला काढला."

"टॅब पप्पांचा हाय. पुस्तकं माझी," अंकिता मागं न बघता म्हणाली. मग माझ्याकडं सरकवला. "बघून घ्या. एक पान दुमडलं न्हाई. पेनची रेघ न्हाई. चहाचा डाग न्हाई. गुलाबी तर बिलकुल न्हाई. एवढं स्वच्छ कोणी आणलंय का आज?"

रांगेत हशा झाला. मी पण हसले, खरंच हसू आलं. मग बघितलं की ती हसत नाही.

मी म्हणलं, "अंकिता, ते परत होत नसतं गं."

"का?"

आता का म्हणल्यावर काय सांगू? अण्णाच पुढं आले.

"पोरी, ते घेऊन मी ठेवू कुठं?"

"ठेवायला जागा लागतच न्हाई की अण्णा. तेवढं तुमचं कपाट वाचलं."

अण्णांना तिचं बोलणं आवडलं, दिसत होतं तोंडावर. पण त्यांनी मान हलवली ती नाहीच म्हणून. तिनं टॅब परत ओढणीत गुंडाळला आणि रांगेच्या बाहेर जाऊन पाण्याच्या जारपाशी उभी राहिली. गेली नाही. उभी राहिली. मला गठ्ठे दिसेनात मग. पाच मिनिटं दे म्हणून बाजूच्या दुकानातल्या पोरीला बसवलं आणि गेले.

तिच्या वडिलांचं माहूरला गडाखाली दुकान आहे, हळदी-कुंकू, बांगड्या, खेळणी. लातूरचं एक वर्ष त्यांनी दिलं होतं, एकच म्हणून. डॉक्टरकीला नंबर लागला नाही, पण नांदेडला नर्सिंगला लागला. फी मामा भरणार होता. पुस्तकं, ड्रेस आणि होस्टेलची अनामत तिच्यावर होती.

"मी वर्षभर पप्पांना सांगून राहिले, अर्धे परत येतात. रूममधल्या सगळ्या पोरी सांगत होत्या. पप्पा म्हणले, आणून दाखव, मग नांदेडचं बोलू."

"आणि नाही आणले तर?"

"दुकानात बसायचं. बायांना बांगड्या भरायच्या." मग म्हणाली, "पैशाचं न्हाई दीदी एवढं. ते म्हणतील, एवढीशी गोष्ट हिला नीट माहीत न्हाई, नांदेडला एकटी काय राहील. उद्या येणारेत ते."

संध्याकाळी शटर अर्धं खाली घेतल्यावर मी अण्णांना पकडलं. मला वाटलं माझ्याकडं लई भारी उपाय आहे. म्हणलं, अण्णा, हिचा कोड बंद करू, तोच दुसऱ्या पोराला उघडून देऊ. जुनं ई-पुस्तक म्हणून. नवं तीनशेला, जुनं दोनशेला. कागदाचं करतो तसंच.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. "आणि जुन्यात काय जुनं असंल?"

"म्हणजे?"

"पान पिवळं पडंल? कोपरा मुडपंल? दोन्ही सारखीच चकचकीत. मग नवं कोण घेईल, तू घेशील?"

खरंच होतं. कागदाच्या पुस्तकाला मळ लागतो म्हणून नव्याला नव्याचा भाव मिळतो. याला मळच लागत नाही. म्हणजे एकदा का परत घ्यायला लागलं की नव्याचा भाव तिथंच संपला.

मग मी खुर्चीत बसून अंकिताचा हिशोब केला. तिच्या मैत्रिणीनं चारशेचं नवं कोरं पुस्तक घेतलं, दोनशे परत नेले. तिला वर्ष पडलं दोनशेला. अंकितानं आमचं स्वस्तातलं घेतलं, तिला पडलं तीनशेला. जुनं घेणाऱ्याला तर सव्वाशे-दीडशेतच पडलं. म्हणजे आमच्या दुकानातलं सगळ्यात महाग पुस्तक आम्ही स्वस्त म्हणून पाटीवर लिहिलं होतं, आणि ज्याला पैशाची सगळ्यात जास्त काळजी होती त्यानंच ते घेतलं.

अण्णांना सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. मग बिलोलीच्या सरांना फोन लावला, कारण भाव कमी करायचा तर लेखकाला विचारायला पाहिजे. सर चिडले नाहीत, पण थकलेल्या आवाजात म्हणाले, "अण्णा, माझं पुस्तक जुन्यात पाच हातांतून जातं, मला एकदाच मिळतं. मोबाइलमध्ये दर पोरामागं मिळंल म्हणून मी हो म्हणलो. आता तुम्ही तिथंही जुन्याचाच भाव लावणार. कागद वाचला तो तुमचा वाचला. प्रश्न काढायला माझं डोकं तेवढंच दुखतं."

तेही खरं होतं. या सगळ्या प्रकरणात माझी हीच दमछाक झाली बघा. अण्णा खरे, सर खरे, अंकिता खरी. कुणी एक लबाड असतं तर त्याच्यावर रागावून मी झोपून गेले असते.

दुसऱ्या दिवशी वडील आले, अंकिता मागं. उभे राहूनच बोलले.

"राम राम शेठ. मी हिचा बाप."

"बसा की. चहा सांगतो."

"चहा घेऊ मागून. आधी एक सांगा. पोरगी वर्षभर म्हणून राहिली, लातूरला पुस्तकं अर्ध्यात परत होतात. खरं बोलली का खोटं?"

दुकानात दोन-तीन पोरं होती, ती पण थांबली. अंकिता जमिनीकडं बघत होती. अण्णा म्हणाले, "होतात परत. पण हिची मोबाइलमधली हायत, ती—"

"ते कळलं मला. मी पण दुकानदार हाय. आमच्याकडं गड चढायला लोक काठी घेतात. उतरताना परत आणली की निम्मे पैसे देतो. कोणी म्हणलं, मला परत आणायची न्हाई, घरी न्यायचीय, तर?"

"तर काय?" अण्णांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"तर पूर्ण भाव ठेवून घेतो. काठी त्याची झाली. तो नातवाला देईल, चुलीत घालील. तुमची वस्तू परतही होत न्हाई आणि पोरीला कोणाला देताही येत न्हाई. मग भाव कशाचा घेतला शेठ, तेवढं सांगा. भांडायला आलो न्हाई मी."

धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाकडं बघतो तसे अण्णा त्यांच्याकडं बघत होते. म्हणाले, "काठी घरी नेली आणि रस्त्यात मोडली, तर येतो का कोणी भांडायला?"

"येतात की. दर पौर्णिमेला येतात."

दोघं हसले. मग अण्णा हसायचे थांबले आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलली. लातूरात परत होतात. स्वाती, हिचे कोड बंद कर आणि परतीच्या भावानं हिच्या हातात पैसे दे. बापाच्या न्हाई, हिच्या."

मी कंप्युटरवर बसले. अंकितानं टॅब पुढं केला आणि म्हणाली, "एक मिनिट दीदी." बायोलॉजीचं हृदयाचं पान काढलं, दोन बोटांनी मोठं केलं, बघितलं, आणि मग म्हणाली, "करा."

पैसे तिनं पर्समध्ये ठेवले. वडिलांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. कप ठेवला आणि लेकीला विचारलं, "नांदेडची गाडी किती वाजता हाय?"

"आज?"

"मग? होस्टेल बघून येऊ की. खिडकीला जाळी हाय का न्हाई, पाणी कसं हाय, बघायला नको का?"

इथं संपलं असतं तर मी हे रागात लिहीत बसले नसते. पण ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "बाकीच्यांना पण फोन लाव." म्हणजे गेल्या हंगामात ज्यानं ज्यानं ई-पुस्तक घेतलं त्या प्रत्येकाला. एकीला दिलं तर सगळ्यांना द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी फोन करून राहिले. "नमस्कार, लातूरहून पुस्तकाच्या दुकानातून बोलते, तुमचे पैसे परत द्यायचेत." एवढं बोलले की समोरचा फोन ठेवतो. एक आजी म्हणाल्या, "बाई, चांगल्या घरची दिसतीस, असले धंदे सोड." औशाच्या एका पोरानं मला ओटीपी पाहिजे का विचारलं, मग आपणच चार आकडे सांगितले, खोटे, आणि मित्रांसोबत खिदळत बसला. अर्ध्यांनी मला ब्लॉक केलंय. लोकांना अर्धे पैसे परत द्यायचं काम एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

आता भाव बदललाय. छापील चारशेला असेल तर ई-पुस्तक दीडशेला, आणि खाली मोठ्या अक्षरात, हे परत होत नाही. परतीचे पैसे आम्ही आधीच सोडले, वर मालकी नाही म्हणून अजून थोडे सोडले. माझ्या मते हाच बरोबर भाव आहे. नव्याच्या भावाशी याची तुलनाच करायची नाही, पोराला वर्षाअखेर कागदाचं पुस्तक केवढ्याला पडतं ते बघायचं आणि त्याच्या खाली राहायचं. पण बिलोलीच्या सरांनी त्यांचं पुस्तक मोबाइलवरून काढून घेतलं. त्या भावात त्यांना परवडत नाही, आणि मी कोणत्या तोंडानं त्यांना थांबवू? पोरं येतात, पाटी वाचतात, खुश होतात, आणि पहिलंच विचारतात, "ह्याच्यात बिलोली हाय का?" मी नाही म्हणते. ती जुन्या पुस्तकांच्या कपाटाकडं जातात. भाव बरोबर बसला आणि पुस्तकच गेलं. रोज दहावेळा हे सांगून सांगून मी कंटाळलेय.

परवा अंकिताचा मेसेज आला, नांदेडहून. त्याच्यामुळंच खरं तर मी आज लिहायला बसले. कॉलेजची पुस्तकं घ्यायला दुकानात गेली होती. तिथं म्हणे ई-पुस्तक नव्याच्या पाऊण किमतीत आहे. तिनं लिहिलंय, "दीदी, मी विचारलं, हे परत घेता का? दुकानातले सगळे हसले. मी म्हणलं, हसून घ्या, लातूरला घेतात."

मी तो मेसेज अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी परत एकदा वाच म्हणलं.

आता तुम्ही सांगा. तुम्ही पण मोबाइलवर पुस्तकं घेत असाल, चांगले पैसे मोजून. वाचून झाल्यावर ते कोणाला द्यावं, विकावं, निदान अर्ध्यात परत करावं असं वाटलं का कधी? गेलात का विचारायला? आणि विचारलं तेव्हा तुमच्यावर पण हसले का?